सलूनमधला पोकर, आणि टेबलावरचा खरा वाघ

प्रश्न असा आला आहे: "वेस्टर्न सिनेमात सलूनचा, म्हणजे दारूच्या गुत्त्याचा, झुलता दरवाजा ढकलला की आत पोकर चालूच असतो. मग कुणाच्या तरी बाहीतून एक्का निघतो आणि टेबल उलटतं. त्या काळात अमेरिकेच्या पश्चिमेकडे खरंच एवढा पोकर खेळायचे का? आणि फसवाफसवी नेमकी कशी करायचे?"

मी एकवीस वर्षं पत्ते वाटून पोट भरलं. आधी मांडवीतल्या बोटीवर, मग क्रूझवर. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हापासून नव्या मुलांना डीलिंग शिकवतो. त्यामुळे उत्तर इतिहासाच्या प्राध्यापकाचं नाही, टेबलामागे उभं राहिलेल्या माणसाचं आहे.

थोडक्यात सांगायचं तर पोकर होता, पण सलूनचा मालक जगत होता तो फारो नावाच्या पत्त्यांच्या खेळावर. १८४९ च्या सोन्याच्या झुंबडीपासून ते शतक संपेपर्यंत खाणीच्या गावात जुगार म्हटला की आधी फारोचं टेबल. सिनेमावाल्यांनी पोकर उचलला त्याचं कारण साधं आहे. पोकरमध्ये दोन माणसं एकमेकांच्या डोळ्यांत बघतात, कॅमेऱ्याला आणखी काय हवं? फारोत दहा माणसं पत्त्यांच्या एका डबीकडे बघत बसतात.

फारो मूळचा फ्रान्सचा. तिथून न्यू ऑर्लीन्स, तिथून मिसिसिपीच्या आगबोटींवर आणि मग पश्चिमेला. पत्त्यांच्या पेट्यांवर आणि अड्ड्यांच्या पाट्यांवर पट्टेरी वाघ रंगवलेला असे, तोही आपला बंगालचा. म्हणून फारो खेळण्याला तिकडे 'वाघाशी झुंज' म्हणत. वाघ म्हणजे बँक, म्हणजे खेळ चालवणारा आणि सगळ्यांच्या पैजा घेणारा, हे सांगायला नकोच.

मी पहिल्याच आठवड्यात मुलांना हा खेळ खेळायला लावतो. ड्रॉइंग पेपरवर इस्पिकचे तेरा पत्ते चिकटवायचे: एक्का ते छक्की एका ओळीत, राजा ते अठ्ठी दुसऱ्या ओळीत, आणि सत्ती टोकाला एकटी. हा झाला पट. खेळणाऱ्यांनी पैसे या पटावर लावायचे. किलवर, बदाम याला काही अर्थ नाही, फक्त दर्जा बघायचा. दुसरा पूर्ण कॅट पिसून डबीत, तोंड वर करून. डबीत खाली स्प्रिंग, वरचा पत्ता सगळ्यांना दिसतो आणि बाजूच्या फटीतून एकावेळी एकच पत्ता सरकवता येतो. आज कसिनोत ज्याला आम्ही 'शू' म्हणतो, त्याची ही पणजी.

सगळ्यात वर जो पत्ता दिसतो त्याला 'सोडा' म्हणत. तो बाजूला, त्याचा हिशेब नाही. त्यानंतर पत्ते दोन-दोनच्या जोडीने निघतात. जोडीतला पहिला बँकेचा, दुसरा खेळणाऱ्याचा. समजा तुम्ही दश्शीवर दहा रुपये लावलेत. पहिला पत्ता दश्शी निघाला तर तुमचे दहा गेले. दुसरा दश्शी निघाला तर दहाला दहा मिळाले. दोन्ही वेगळेच निघाले तर पैसे तिथेच, हवं तर उचला, हवं तर दुसरीकडे सरकवा. मांगपत्ता खेळलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही; आत की बाहेर, तोच जीव टांगणीला लावणारा प्रकार.

दश्शी हरेल असं वाटत असेल तरी सोय आहे. आपल्या पैशांवर तांब्याचं एक चकतीवजा नाणं ठेवायचं, की पैज उलटी झाली. मी यासाठी आजोबांच्या डब्यातला भोकाचा पैसा वापरतो. मुलांना तो पैसा बघायलाच जास्त आवडतो.

बँकेचा फायदा कुठे? जोडीतले दोन्ही पत्ते एकाच दर्जाचे निघाले, म्हणजे दश्शीवर दश्शी, तर त्या दर्जावर लावलेल्या पैशांतले निम्मे बँकेचे. साध्या पैजेत बस्स, एवढंच. ५२ पत्त्यांच्या एका डावात अशा जोड्या सरासरी दीडही पडत नाहीत. वहीत मांडून बघितलं तर डावाच्या सुरुवातीला, चारही दश्श्या डबीत असताना, बँकेचा हिस्सा शंभराला सुमारे दोन रुपये येतो. एक दश्शी गेली की दीड. दोन गेल्या की एक. आणि तीन दश्श्या निघून गेल्या, चौथी एकटीच उरली, की शून्य. जोडीच पडू शकत नाही, तर बँक घेणार काय? अमेरिकेतल्या दोन शून्यांच्या रुलेटमध्ये हाच हिस्सा सव्वापाच रुपयांच्या वर आहे.

आणि कुठला पत्ता किती वेळा निघाला हे लपवलेलं नसे. टेबलाशेजारी मण्यांची पाटी असे, लहान मुलांच्या मोजणीच्या पाटीसारखी. तेरा दांड्या, प्रत्येकीवर चार मणी. पत्ता निघाला की एक मणी सरकला. ते काम करायला वेगळा माणूस बसवलेला. म्हणजे बँक स्वतःच तुम्हाला सांगत होती की बाबा रे, इथे माझा फायदा शून्य आहे, इथे लाव. जाणकार खेळाडू डावाच्या शेवटाची वाट बघत आणि एकट्या उरलेल्या पत्त्यावरच मोठी रक्कम टाकत.

बँकेचा खरा घास शेवटी असे. डबीत तीन पत्ते उरले, कोणते ते पाटीवरून सगळ्यांना माहीत. आता त्यांचा क्रम सांगा, बरोबर आला तर चौपट. तीन पत्त्यांचे क्रम सहा होतात, म्हणजे न्यायाने पाचपट द्यायला हवेत. सहा रुपये लावले तर सरासरी एक रुपया बँकेचा. लोक तिथे तुटून पडत. चौपट हा शब्द ऐकला की माणसाचं गणित बंद पडतं, हे मी ब्लॅकजॅकच्या टेबलावरही रोज बघितलंय.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. माझं मत ठाम आहे: फारोत एवढी लबाडी झाली ती खेळ वाईट होता म्हणून नव्हे, जरा जास्तच सरळ होता म्हणून. खाणीच्या गावात सलूनचं भाडं, दारू, पत्ते वाटणारा, पाटीवाला, उंच खुर्चीवर बसून सगळ्यांच्या हातांवर नजर ठेवणारा राखणदार, एवढ्यांचा पगार त्या दोन टक्क्यांतून आणि शेवटच्या तीन पत्त्यांवरच्या पैजेतून काढायचा? भाडी काय होती बघा. १८४९ मध्ये बेयर्ड टेलर हा वार्ताहर सॅन फ्रान्सिस्कोला गेला, त्याने लिहून ठेवलंय: पोर्ट्समथ चौकातल्या पार्कर हाउसचं वार्षिक भाडं १,१०,००० डॉलर, त्यातले किमान ६०,००० वरच्या मजल्यावरचे जुगारवाले देत होते. शेजारी पंधरा फूट बाय पंचवीस फुटांचा कापडी तंबू, नाव एल्डोराडो. त्याचे ४०,०००. तंबूचे! तिथे गर्दी एवढी होती की सरळ मार्गानेही भागत असेल. पण गर्दी ओसरलेल्या गावात मालकाचा हात डबीकडे वळायचाच.

डबीतली पहिली युक्ती म्हणजे जोड्या जुळवणं. एक डाव संपला की वाटणाऱ्यापुढे दोन ढीग उरतात, हरलेल्या पत्त्यांचा आणि जिंकलेल्यांचा. ढीग गोळा करता करता दोन्हीकडच्या अठ्ठ्या, दोन्हीकडचे गुलाम सारख्या उंचीवर आणून ठेवायचे. मग दोन्ही ढीग एकमेकांत असे गुंफायचे की इकडचा एक, तिकडचा एक. झाल्या जोड्या तयार. आजही जादूगार या पिसण्याला 'फारो शफल' म्हणतात. ५२ पत्त्यांचा कॅट बरोबर निम्मा करून, वरचा पत्ता वरच ठेवून, अचूक आठ वेळा गुंफला तर तो पुन्हा मूळ क्रमावर येतो. मला सलग आठ वेळा करायला चार वर्षं लागली, आणि अजूनही सातव्याला कधी कधी फसतो.

दुसरी युक्ती म्हणजे एकाऐवजी दोन पत्ते सरकवणं. समजा पुढचा पत्ता मोठी रक्कम लावलेल्या माणसाला जिंकवणार आहे. तो वरच्या पत्त्याला चिकटून बाहेर काढला की हार-जीत उलटी झाली. त्यासाठी डबीची फट लपवलेल्या कळीने किंचित रुंद व्हायची. पत्त्यांच्या पाठी वाळूकागदासारख्या खरखरीत केलेल्या असायच्या, म्हणजे हवे ते दोन एकमेकांना धरून राहतात. आणि शेवटी एक पत्ता कमी भरला तर? मग पाटीवाला सामील हवा, नाहीतर कॅटमध्ये आधीच एक जादा पत्ता घातलेला हवा. मला यातलं सगळ्यात हुशारीचं काम डबीचं वाटत नाही, पाटीचं वाटतं. सगळ्यांच्या देखत, सगळ्यांच्या विश्वासाच्या वस्तूत खोट करायची, आणि तीही एका मण्याची.

खेळणारेही काही संत नव्हते. त्या तांब्याच्या नाण्याला काळा रेशमी धागा किंवा घोड्याच्या शेपटीचा केस बांधायचा. आपला पत्ता आधी निघाला, म्हणजे हरला, तर नाणं तिथेच आहे, उलटी पैज जिंकली. आपला पत्ता दुसरा निघाला तर धागा ओढायचा, नाणं गायब, पैज साधी झाली आणि तीही जिंकली. गेल्या वर्षी मी ही गोष्ट वर्गात सांगितली. पुढच्या सोमवारी मालवणची एक मुलगी टेबलावर बसली आणि माझ्यासमोर तीन वेळा माझ्याच भोकाच्या पैशाला दोरा ओवून मला गंडवलं. तिसऱ्यांदा पैसा कपबशीवर आपटला आणि आवाज झाला, म्हणून कळलं. भोक असलेलं नाणं शिकवायला वापरू नये, एवढं त्या दिवशी मी शिकलो.

ही जात अजून मेलेली नाही. बोटीवर असताना एक सद्‌गृहस्थ रोज रुलेटचा आकडा लागल्यावर, सगळे चाकाकडे बघत असताना, करंगळीने चिप सरकवायचे. चार दिवस कुणाला कळलं नाही. पाचव्या दिवशी वरच्या कॅमेऱ्यात करंगळी दिसली. त्या काळी कॅमेऱ्याचं काम उंच खुर्चीवरचा माणूस करायचा, आणि त्याच्या कमरेला पिस्तूल असायचं.

आता पोकर. तुम्हाला ठाऊक आहे तो पोकर आणि सुरुवातीचा पोकर यांचा चेहरा जुळत नाही. न्यू ऑर्लीन्सच्या बाजूला, १८२०-३० च्या आसपास तो २० पत्त्यांनी खेळला जायचा: एक्का, राजा, राणी, गुलाम, दश्शी. चार माणसं, प्रत्येकी पाच पत्ते, कॅट संपला. बदलून घ्यायला पत्ते उरतच नाहीत. ५२ पत्त्यांचा पोकर नंतर रुळला, पत्ते बदलून घेण्याची सोय शतकाच्या मध्याला आली. एकाच चिन्हाचे पाच सलग पत्ते हा वरचढ हात म्हणून सगळ्यांनी मान्य करायला तर आणखी वेळ गेला. त्यामुळे १८५० च्या सलूनमध्ये चार एक्के म्हणजे ब्रह्मदेवाच्या बापालाही न हरणारा हात. सिनेमात त्या काळात कुणी रॉयल फ्लश, म्हणजे एकाच चिन्हाचे एक्का ते दश्शी, टाकला की मी खुशाल चहा आणायला उठतो.

आणखी एक खूण सांगतो, पुढच्या वेळी बघा. पत्त्याच्या कोपऱ्यात छोटा आकडा आणि चिन्ह असतं ना, ते सर्रास यायला लागलं १८७० च्या दशकात. त्याआधी कोपरे काटकोनी आणि रिकामे. हातातला पत्ता ओळखायला तो जवळजवळ पूर्ण उघडावा लागे. आज आपण पाच पत्ते चिमटीत धरून कोपरे तेवढे बघतो, तसं करताच येत नसे. शेजाऱ्याला तुमचा हात दिसणं किती सोपं असेल, विचार करा.

बाहीतला एक्का मात्र खरा. आपल्याकडे अस्तनीत निखारे असतात, तिकडे एक्के. पण हाताने लपवलेला एक्का हा नवशिक्यांचा खेळ. मुरलेली मंडळी यंत्र वापरत. सॅन फ्रान्सिस्कोत विल अँड फिंक नावाचं दुकान होतं, सुऱ्या-कात्र्या बनवणारं, ते जुगाऱ्यांनाही अशी साधनं विकायचं. या यंत्रांतलं सगळ्यात नावाजलेलं केप्लिंगर नावाच्या सॅन फ्रान्सिस्कोच्याच जुगाऱ्याचं, साल १८८८. शर्टाच्या दुहेरी बाहीत एक चिमटा, त्याची दोरी अंगावरून नळ्यांतून गुडघ्यांपर्यंत. गुडघे फाकवले की चिमटा मनगटाशी येऊन पत्ता देतो किंवा घेतो, जवळ आणले की परत आत. दोन्ही हात टेबलावर, कुणाला काय दिसणार? त्याची गोष्ट अशी सांगतात: तो पट्टीच्या लबाडांबरोबर खेळायचा आणि तरीही कधीच हरेना. शेवटी एका रात्री तिघांनी मिळून त्याला खुर्चीत दाबून धरलं आणि कपडे चाचपले. यंत्र सापडल्यावर मारहाण नाही, पोलीस नाही. अट एकच, आम्हाला प्रत्येकाला एकेक असंच बनवून दे.

सलून आणि बंदूक यांचं नातं सिनेमात फुगवलंय, पण हवेतून आलेलं नाही. मिसिसिपीकाठच्या विक्सबर्गमध्ये १८३५ च्या जुलैत गावकऱ्यांनी पाच जुगाऱ्यांना फासावर लटकवलं होतं. ॲरिझोनातल्या टूम्बस्टोन गावची, अर्प भाऊ आणि क्लँटन-मॅक्लॉरी यांच्यातली, २६ ऑक्टोबर १८८१ ची चकमक सगळ्यांना माहीत असते. आदल्या रात्रीची बैठक फार जणांना माहीत नसते. आइक क्लँटन, टॉम मॅक्लॉरी, शेरीफ बेहान आणि गावचा मार्शल व्हर्जिल अर्प, हे एकाच टेबलावर पहाटेपर्यंत पोकर खेळत होते. दुपारी चकमकीत व्हर्जिल आणि मॅक्लॉरी समोरासमोर आले, त्यात मॅक्लॉरी मेला. व्हर्जिलचा भाऊ वायट अर्प याची ओरिएंटल सलूनच्या जुगारात भागी होती. बॅट मास्टरसन, ल्यूक शॉर्ट, दातांचा डॉक्टर हॉलिडे ही मंडळीही फारोच्या टेबलावर बसून कमवत. पत्ते वाटणं हा तिथे राजरोस धंदा होता.

नावाजलेला बंदूकबाज वाइल्ड बिल हिकॉक याचा शेवट पोकरच्या टेबलावरच झाला, हे खरं. २ ऑगस्ट १८७६, डेडवुड. नेहमी भिंतीला पाठ लावून बसणारा माणूस, त्या दिवशी ती खुर्ची दुसऱ्याने धरली होती आणि सोडेना. मागून जॅक मॅकॉल आला आणि डोक्यात गोळी घातली. गोळी गालातून निघून समोर बसलेल्या मॅसी नावाच्या आगबोटीच्या कप्तानाच्या मनगटात रुतली. हिकॉकच्या हातात काळे एक्के आणि काळ्या अठ्ठ्या होत्या, हे मात्र त्या वेळच्या कुठल्याही नोंदीत नाही. ती गोष्ट १९२० च्या दशकात पसरली. पन्नास वर्षांनी कुणाच्या हातातले पत्ते आठवायला लागले तर मी जरा जपून ऐकतो.

बायकाही होत्या, आणि त्या टेबलाच्या आतल्या बाजूला. सांता फेला डोन्या गेर्त्रुदिस बार्सेलो मॉन्टे चालवायची. तो स्पॅनिश, ४० पत्त्यांचा खेळ, कॅलिफोर्नियातही फार चाले. एलेनोर ड्युमाँटने १८५४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या नेवाडा सिटीत एकवीसचं टेबल मांडलं, म्हणजे आजच्या ब्लॅकजॅकचं. तिच्या टेबलावर यायचं तर अंघोळ करून, शिवीगाळ न करता, असं सांगतात. पुढे ओठांवर लव दाट झाली आणि लोकांनी नाव पाडलं 'मिशीवाली मॅडम'. १८७९ मध्ये बोडी गावाबाहेर तिने आयुष्य संपवलं. चिनी मजुरांचा फॅन-टॅन तर सगळ्यात साधा: वाडग्याखाली मूठभर मणी, काठीने चार-चार बाजूला काढायचे, शेवटी किती उरतील त्यावर पैज.

कायद्याचं म्हणाल तर नेवाडाने १८६९ मध्ये जुगाराला परवानगी दिली, तीही गव्हर्नर ब्लास्डेलचा नकार डावलून. १९०९ मध्ये बंदीचा कायदा झाला, १९३१ मध्ये पुन्हा मुभा. तोवर पोकर घराघरांत गेलेला होता, कारण त्याला बँकच लागत नाही. फारोला कसिनोवाल्यांनी फारसं जवळ केलं नाही. एवढी जागा अडवणारं, तीन माणसांचा पगार खाणारं आणि दोन टक्केसुद्धा धड न देणारं टेबल कोण ठेवील? रुलेट आणि यंत्रं त्यापुढे दुभती गाय.

खेळून बघायचा असेल तर घरी बघता येतो. ड्रॉइंग पेपर, एक कॅट, पैशांऐवजी चिंचोके, उलट्या पैजेसाठी बिनभोकाची नाणी. मण्यांच्या पाटीऐवजी वहीत तेरा ओळी आणि प्रत्येकीत चार टिंबं, खोडत जायची. आधी दहा डाव शेवटच्या तीन पत्त्यांवर पैज न घेता खेळा. मग दहा डाव ती घेऊन, बरोबर क्रम सांगणाऱ्याला चौपट देऊन. दोन्ही वेळा बँकवाल्यापुढचे चिंचोके मोजून ठेवा. आणि बँक चालवायला घरातल्या सगळ्यात सरळ माणसाला बसवा, म्हणजे आकडे खरे येतील.